तुमच्या खिशातला फोन रेडिएशन कसं लक्षात ठेवतो?

(एपिसोडचा मजकूर. बोलताना झालेली अडखळ आणि पुनरावृत्ती काढली आहे, बाकी सगळं तसंच.)

आजचा विषय थोडा गंभीर आहे, पण घाबरवणारा नाही. उलट, घाबरायचं की नाही हे नेमकं कसं ठरवतात, त्याबद्दलच बोलायचंय.

समजा, एखाद्या गावात किरणोत्सारी वस्तूचा अपघात झाला. कुठलीतरी जुनी मशीन उघडली गेली आणि आतला सोर्स बाहेर आला. आजूबाजूला शेकडो लोक होते. दुकानदार, रिक्षावाले, शाळेतून घरी चाललेली मुलं. कुणाच्याही अंगावर रेडिएशन मोजणारं काही नव्हतं. दोन-तीन दिवसांनी बातमी फुटते, हॉस्पिटलबाहेर रांग लागते आणि प्रत्येकजण एकच विचारतो : "डॉक्टर, मला किती लागलंय?"

डॉक्टरांना हे कळणार कसं? रेडिएशन तर येऊन गेलं. मोजायला काही उरलंच नाही.

पण उरलेलं असतं. फोनच्या सर्किटमध्ये, एटीएम कार्डाच्या चिपमध्ये, खिशातल्या गोळ्यांमध्ये, दातात, घराच्या विटांमध्ये. तिथून ते वाचता येतं. आज ते कसं वाचतात ते समजून घेऊ, आणि त्याच्या मर्यादाही बघू. कारण "फोन सगळं सांगतो" असं म्हणून सोडून दिलं तर ती अर्धीच गोष्ट होईल.

अंगाला चिकटलेलं आणि आरपार गेलेलं

आधी एक फरक स्पष्ट करून घेऊ, कारण यात भलेभले गोंधळतात.

किरणोत्सारी पदार्थाची धूळ किंवा पावडर अंगाला लागली, श्वासातून किंवा जेवणातून आत गेली, तर तो पदार्थ तुमच्यासोबत राहतो आणि रेडिएशन देत राहतो. हे दूषित होणं. गायगर काउंटर अंगावरून फिरवला की तो टिकटिक करतो. कपडे बदला, आंघोळ करा, बरंचसं निघून जातं.

दुसरा प्रकार म्हणजे सोर्स लांब कुठेतरी आहे आणि त्याचे गॅमा किरण तुमच्या शरीरातून आरपार गेले. एक्स-रे काढताना होतं तसंच, फक्त खूप जास्त. यात अंगावर काहीच उरत नाही. एक्स-रे काढून आलेला माणूस रेडिएशन देत बसतो का? नाही. तसंच हे. नंतर कितीही काउंटर फिरवा, तो गप्प बसणार. इजा झालेली असू शकते, पण काउंटरला ती दिसत नाही.

या दोन्हींचं एकत्र उदाहरण म्हणजे ब्राझीलमधलं गोयानिया शहर, साल १९८७. एक खाजगी रेडिओथेरपी क्लिनिक दुसरीकडे हललं होतं आणि जुन्या पडक्या इमारतीत कॅन्सरच्या उपचाराची मशीन तशीच पडून होती. सप्टेंबरमध्ये दोघांनी भंगार म्हणून तिचा भाग काढून नेला. आत सीझियम-१३७ होतं. भंगारवाल्याकडे ते फोडलं गेलं. अंधारात निळसर चमकणारी पावडर बघून लोकांना अप्रूप वाटलं. ती नातेवाइकांत, शेजाऱ्यांत वाटली गेली, काहींनी अंगालाही लावली. साधारण दोन आठवड्यांनी हे काय आहे ते कळलं. चार जण गेले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती.

आता पुढचा आकडा नीट ऐका. शहरातल्या ऑलिम्पिक स्टेडियमवर सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी झाली. त्यातले दूषित निघाले २४९.

म्हणजे एक लाखाहून जास्त लोक धास्तावून रांगेत उभे होते आणि त्यांना काहीही झालेलं नव्हतं. पण हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि तेही पुराव्यानिशी. अपघातानंतर "कोण आजारी आहे" हे शोधणं जितकं महत्त्वाचं, तितकंच "कोण ठीक आहे" हे सांगणं महत्त्वाचं असतं. नाहीतर खरे रुग्ण गर्दीत हरवतात, आणि ठीक असलेली माणसं पुढची कित्येक वर्षं प्रत्येक ताप-खोकल्याला घाबरत जगतात.

आकडा का हवा?

शरीरात किती ऊर्जा शोषली गेली हे मोजायचं एकक आहे ग्रे. एक ग्रे म्हणजे हजार मिलिग्रे. सिव्हर्ट हे नावही तुम्ही ऐकलं असेल. गॅमा किरणांच्या बाबतीत आज आपण एक ग्रे म्हणजे साधारण एक सिव्हर्ट असं धरून चालू.

अंदाज यावा म्हणून सांगतो. आपल्या सगळ्यांना जमिनीतून, हवेतून, आकाशातून नैसर्गिक रेडिएशन मिळतच असतं. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट. पोटाच्या एका सीटी स्कॅनला साधारण १० मिलिसिव्हर्ट. थोड्या वेळात १०० मिलिग्रेपर्यंत डोस मिळाला तरी माणसाला काही जाणवत नाही. पुढे कॅन्सरची शक्यता किंचित वाढते, इतकंच. संपूर्ण शरीराला एकदम १ ग्रेच्या आसपास मिळालं की आजाराची लक्षणं सुरू होतात. २ ग्रेच्या वर हॉस्पिटल लागतंच. ४ ग्रेच्या आसपास, उपचार मिळाले नाहीत तर साधारण निम्मे लोक दगावतात.

म्हणून डॉक्टरांना अगदी अचूक आकडा लागत नाही. त्यांना ढोबळ तीन गट हवे असतात : १ ग्रेच्या खाली, १ ते २, आणि २ च्या वर. पहिल्या गटाला धीर देऊन घरी पाठवायचं, दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं, तिसऱ्याला ताबडतोब दाखल करायचं. वेळ महत्त्वाची, कारण अस्थिमज्जा बंद पडायला लागण्याआधी तयारी करावी लागते.

मग लक्षणांवरून नाही कळत? थोडंफार कळतं. उलट्या किती लवकर सुरू झाल्या यावरून अंदाज येतो. पण उलटी भीतीनेही होते, उन्हानेही होते, शिळं खाल्ल्यानेही होते. रक्त तपासता येतं. पांढऱ्या पेशींमधल्या गुणसूत्रांची मोडतोड मोजणं ही जगभर सगळ्यात विश्वासाची पद्धत मानतात. पण त्यासाठी पेशी प्रयोगशाळेत सुमारे ४८ तास वाढवाव्या लागतात, मग मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी मोजायची. हे काम करणाऱ्या लॅब आणि माणसं मोजकी. दहा लोकांसाठी ठीक, दहा हजारांसाठी अशक्य.

इथे खिशातल्या वस्तूंची आठवण होते.

स्फटिकाची स्मरणशक्ती

आता गाभ्याची गोष्ट. काही पदार्थ रेडिएशन लक्षात ठेवतात. हे होतं कसं?

मीठ, वाळू, सिरॅमिक या सगळ्यांमध्ये अणू रांगेत, शिस्तीत बसलेले असतात. पण ही रांग शंभर टक्के परफेक्ट कधीच नसते. मध्ये एखादा अणू गायब, एखादा भलताच घुसलेला. या चुकांच्या जागा म्हणजे छोटे छोटे खड्डे समजा. गॅमा किरण आत आले की ते इलेक्ट्रॉन सैरावैरा उधळून लावतात. बहुतेक इलेक्ट्रॉन लगेच जागेवर परत येतात. काही मात्र या खड्ड्यांत पडतात आणि अडकतात. रेडिएशन जितकं जास्त, तितके खड्डे जास्त भरलेले.

हे अडकलेले इलेक्ट्रॉन दिवस, महिने, काही पदार्थांत तर हजारो वर्षं तसेच बसून राहतात. त्यांना बाहेर काढायचं असेल तर धक्का द्यावा लागतो, उष्णतेचा किंवा प्रकाशाचा. धक्का बसला की इलेक्ट्रॉन सुटतो, दुसऱ्या जागी जाऊन बसतो, आणि बसताना थोडासा प्रकाश सोडतो. डोळ्याला दिसणार नाही इतका मंद, पण यंत्र तो मोजू शकतं. जितका प्रकाश, तितकं रेडिएशन.

तापवून वाचलं तर त्याला थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात. प्रकाश टाकून वाचलं तर ओएसएल. कल्पना एकच.

गंमत म्हणजे हे तंत्र पुरातत्त्ववाल्यांचं रोजचं आहे. मातीचं मडकं भट्टीत भाजलं की सगळे खड्डे रिकामे होतात, मीटर शून्यावर येतो. मग शेकडो वर्षं जमिनीतल्या नैसर्गिक रेडिएशनने ते हळूहळू भरत जातात. किती भरले यावरून मडक्याचं वय निघतं. अपघातानंतर प्रश्न उलटा असतो : वस्तूचं वय माहीत आहे, मग त्या वयात भरायला हवेत त्यापेक्षा जास्त खड्डे का भरलेत? तो जास्तीचा भाग म्हणजे अपघाताचा डोस.

फोन उघडला की

आता फोन. यात रेडिएशन लक्षात ठेवणारं काय आहे?

मदरबोर्डवर तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक असे रेझिस्टर चिकटवलेले असतात. वरून काळे, पण खालचा भाग पांढऱ्या सिरॅमिकचा. हे सिरॅमिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजेच अल्युमिना. रेडिएशनमध्ये काम करणाऱ्या लोकांच्या बॅजसाठी जगात जे पदार्थ वापरतात, त्यात कार्बन मिसळलेला अल्युमिना हा एक नावाजलेला पदार्थ आहे. फोनमधला अल्युमिना काही त्या कामासाठी बनवलेला नाही, त्यामुळे तो तितका संवेदनशील नाही. पण जातकुळी तीच.

शिवाय फोन हीच एक काळोखी डबी आहे. आतल्या रेझिस्टरपर्यंत ऊन पोचत नाही, त्यामुळे अडकलेले इलेक्ट्रॉन प्रकाशाने सुटत नाहीत. आणि फोन दिवसभर आपल्याला चिकटलेला असतो.

लॅबमध्ये मंद लाल उजेडात फोन उघडतात. असे दहा-बारा किंवा जास्त रेझिस्टर काढतात आणि पांढरी बाजू वर करून यंत्रात ठेवतात. वरून निळा प्रकाश टाकतात. निघालेला मंद प्रकाश वेगळ्या रंगाचा असतो, म्हणून फिल्टर लावून फक्त तोच मोजतात.

मग येतं कॅलिब्रेशन, आणि हे मला सगळ्यात आवडतं कारण हे सरळ त्रैराशिक आहे. समजा यंत्राने ८,००० काउंट दाखवले. (आकडा फक्त समजावण्यासाठी घेतोय.) याचा अर्थ किती ग्रे? माहीत नाही. म्हणून त्याच रेझिस्टरांना लॅबमध्ये मोजून १ ग्रे डोस द्यायचा आणि पुन्हा वाचायचं. समजा आता १६,००० आले. मग पहिला डोस निघाला अर्धा ग्रे. प्रत्येक फोन आपलं माप स्वतःच देतो, म्हणून कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, याने फार अडत नाही.

फोनच्या डिस्प्लेची काचही अशीच वाचता येते, तापवून. काचेतला सिग्नल जास्त टिकतो. पण रेडिएशन न लागताही काचेत थोडा सिग्नल असतोच, आणि काच उजेडात असते, त्यामुळे लहान डोस ओळखणं तिथे कठीण जातं.

युरोपात २०१० च्या दशकात मल्टिबायोडोस नावाचा प्रकल्प झाला. मोठ्या अपघातात रक्ताच्या तपासण्या आणि फोनसारख्या वस्तू एकत्र वापरून लोकांची विभागणी कशी करायची, यावर त्यात काम झालं. वेगवेगळ्या देशांच्या लॅबना सारखेच नमुने पाठवून उत्तरं जुळतात का, असे सरावही तिथे होत आले आहेत.

फोन एकटाच नाही

फोन नव्हते तेव्हाही हे होत होतं. १९८२ साली नॉर्वेत, शेलर या गावी, कोबाल्ट-६० वापरून वस्तूंवर रेडिएशनची प्रक्रिया करणाऱ्या केंद्रात एक कर्मचारी सोर्स उघडा असताना खोलीत गेला. त्याच्या खिशात हृदयाच्या नायट्रोग्लिसरिनच्या गोळ्या होत्या. शास्त्रज्ञांनी त्या गोळ्या तपासल्या आणि डोस काढला. तो २० ग्रेच्या वर होता. माणूस काही दिवसांतच गेला. वाचवणं शक्यच नव्हतं, पण काय घडलं याचा पक्का आकडा मिळाला, तोही औषधाच्या गोळीतून.

यासाठी वापरलेली पद्धत वेगळी आहे, तिला ईपीआर म्हणतात. रेडिएशनने साखर, हाडं, दात अशा पदार्थांतले रेणू तुटतात आणि एकटे पडलेले इलेक्ट्रॉन मागे राहतात. चुंबकीय क्षेत्रात ठेवून मायक्रोवेव्ह सोडल्या की हे एकटे इलेक्ट्रॉन मोजता येतात. दातावरचं एनॅमल यात सगळ्यात भरवशाचं. त्यातली खूण आयुष्यभर पुसली जात नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांचे आणि चेर्नोबिलमध्ये काम केलेल्यांचे दात असेच तपासले गेले. अर्थात यासाठी सहसा पडलेला किंवा काढलेला दात लागतो. आकडा हवा म्हणून चांगला दात कुणी उपटत नाही.

मग घराच्या विटा आणि कौलं. हिरोशिमात कौलांमधून डोस काढला गेला. चेर्नोबिलच्या परिसरात आणि गोयानियातही विटा-कौलांचा वापर झाला. तिथे रेडिएशन पकडून ठेवतो तो विटेतला क्वार्ट्झ, म्हणजे साधी वाळू.

पाकिटातही साहित्य आहे. एटीएम कार्डाच्या किंवा सिमच्या चिपवर जे संरक्षक आवरण असतं, त्यात बऱ्याचदा सिलिकाचे कण असतात, आणि ते रेडिएशन लक्षात ठेवतात. सगळ्या कार्डांत सारखंच नाही, पण फोनपेक्षा कार्ड देऊन टाकणं सोपं.

आणि मीठ! साधं खायचं मीठ या कामात कमालीचं संवेदनशील आहे. काही मिलिग्रेसुद्धा ओळखू शकतं. अट एकच, त्याला उजेड लागता कामा नये, नाहीतर खूण पुसली जाते. आपल्याकडचा झाकणाचा स्टीलचा डबा यासाठी उत्तम. फक्त तो डबा स्वयंपाकघरात काय झालं ते सांगेल. तुम्ही त्या वेळी ऑफिसमध्ये असाल, तर तुमच्याबद्दल काही नाही.

फोन खोटं बोलत नाही, पण स्वतःबद्दलच बोलतो

आता मर्यादा.

पहिली : अल्युमिनातली खूण फिकी होते. पहिल्या काही दिवसांत ती बरीच उतरते. म्हणून अपघात नेमका कधी झाला हे माहीत असेल तर हिशोबात दुरुस्ती करता येते, पण फोन महिनाभर तसाच वापरत राहिलात तर उत्तर डळमळीत होतं. गोयानियासारखं दोन आठवड्यांनी कळलं, तर फोनवर एकट्याने भिस्त ठेवता येणार नाही.

दुसरी आणि सगळ्यात महत्त्वाची : फोन सांगतो तो फोनला लागलेला डोस. तुम्हाला लागलेला नाही.

बिंदूसारखा छोटा सोर्स असेल तर अंतर दुप्पट झालं की डोस चौपट कमी होतो. सोर्स फोनपासून ५ सेंटीमीटरवर आणि छातीपासून ५० सेंटीमीटरवर असेल, तर फोनला छातीच्या शंभरपट लागेल. १९९९ मध्ये पेरू देशात यानांगो इथल्या जलविद्युत प्रकल्पावर एका वेल्डरला धातूचा एक छोटा तुकडा सापडला. त्याने तो पँटच्या मागच्या खिशात टाकला. तो होता इरिडियम-१९२ चा सोर्स. खिशाजवळच्या मांडीला प्रचंड डोस लागला, शेवटी पाय कापावा लागला. बाकी शरीराला त्या मानाने कितीतरी कमी लागलं होतं. अशा माणसाचा मागच्या खिशातला फोन वाचला असता तर तो म्हणाला असता, हा जिवंतच कसा? आणि शर्टाच्या खिशातलं कार्ड म्हणालं असतं, फारसं काही नाही. दोन्ही खरं, दोन्ही अपुरं. पण दोन्ही एकत्र वाचले तर सोर्स कुठल्या बाजूला होता ते कळतं. म्हणून फोन कुठल्या खिशात होता, ही माहिती आकड्याइतकीच मोलाची.

तिसरी : फोन मोडावा लागतो. रेझिस्टर उपटल्यावर तो परत चालू होईल ही आशा सोडा. आणि संकटाच्या वेळी आपला फोन कोण देणार? घरच्यांशी संपर्क त्याच्यावर, पैसे त्याच्यावर. प्रयोगशाळेत हे तंत्र जितकं छान दिसतं, तितकं रस्त्यावर सोपं नाही, ते यामुळे. म्हणूनच कार्डांवर आणि बंद पडलेल्या जुन्या वस्तूंवर संशोधकांचा डोळा असतो.

डेटाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. रेझिस्टरमध्ये तुमचे फोटो नसतात. मेमरी चिप वेगळी असते, आणि डोस वाचायला फोन चालू करायची किंवा पासवर्ड द्यायची गरज नसते.

मग ॲप का नाही?

प्ले स्टोअरवर रेडिएशन मोजणारी ॲप्स दिसतात. ती पूर्ण फसवी आहेत असं नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर गॅमा किरण पकडू शकतो. लेन्सवर काळी टेप लावली तरी फोटोत पांढरे ठिपके येतात, ॲप ते मोजतं. पण दोन गोष्टी. एक, सेन्सर चिमुकला आहे, त्यामुळे रेडिएशन बऱ्यापैकी जास्त असेल तेव्हाच काही अर्थपूर्ण दिसतं. घरात ॲप उघडून "आमच्या इथे रेडिएशन आहे का" बघणं म्हणजे वजनकाट्यावर पोस्टाचं तिकीट ठेवण्यासारखं. दोन, ॲप या क्षणाचं सांगतं, तेही चालू असेल तर. काल काय झालं ते त्याला माहीत नाही. रेझिस्टर मात्र कुणी न सांगता, बॅटरी संपलेली असतानाही नोंद करत असतो.

हां, फोनची लोकेशन हिस्टरी मात्र खूप उपयोगी पडू शकते. डोस ठरतो अंतर आणि वेळ यावर. तुम्ही कुठे, किती मिनिटं उभे होता हे माणसाला नीट आठवत नाही, विशेषतः घाबरल्यावर.

बॅज कुणाला मिळतो?

आपल्याकडे यायला हवं, कारण आपल्याकडेही हे झालंय.

२०१० साली दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं वर्षानुवर्षं न वापरलेलं एक गॅमा उपकरण लिलावात भंगारात निघालं. आत कोबाल्ट-६० होतं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं. एप्रिलमध्ये तिथली माणसं आजारी पडू लागली तेव्हा प्रकार उघड झाला. अणुऊर्जा नियामक मंडळ आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या तज्ज्ञांनी येऊन तुकडे शोधून काढले. एकाचा मृत्यू झाला, अनेकांना हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं. त्यातल्या एकाने तर एक तुकडा पाकिटात ठेवला होता.

आता विचार करा. तारापूरच्या अणुवीज केंद्रात किंवा एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या रेडिओथेरपी विभागात काम करणाऱ्या माणसाच्या छातीवर छोटा बॅज असतो. भारतात वापरतात त्या बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. हे तंत्र आपल्याच ट्रॉम्बेत, भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालं. बॅज ठरावीक काळाने वाचला जातो, नोंद ठेवली जाते. मर्यादा ठरलेली आहे : पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. थोडं जास्त दिसलं तरी चौकशी होते.

आणि गोयानियात, मायापुरीत, यानांगोमध्ये ज्यांना सगळ्यात जास्त लागलं ते कोण होते? भंगारवाले, त्यांच्या घरची माणसं, एक वेल्डर. यातल्या कुणाच्या कामाच्या यादीत "रेडिएशन" हा शब्दच नव्हता. त्यामुळे बॅज नाही, नोंद नाही, आणि नंतर नुकसानभरपाई मागायला गेलं तर हातात आकडाही नाही. ज्याला बॅज मिळतो तो बहुतेक वेळा सुरक्षित असतो, आणि ज्याला खरी गरज पडते त्याला बॅज कधीच मिळालेला नसतो.

मला या तंत्राचं खरं महत्त्व इथे वाटतं. ज्याला कुणी बॅज दिला नाही त्याच्या खिशातही आज फोन असतो, सिम असतं, एटीएम कार्ड असतं. ती त्याची नोंद होऊ शकते. पण त्यासाठी वाचणारी लॅब हवी, आणि वस्तू मागायचं कुणाला तरी वेळेत सुचायला हवं. सिग्नल फिका पडायला लागलेलाच असतो.

आपल्याला काय करता येईल?

असा प्रसंग तुमच्यावर येण्याची शक्यता फार कमी आहे. तरी माहीत असलेलं बरं.

भंगारात जड शिशाचं कवच असलेली किंवा तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखं चिन्ह असलेली वस्तू दिसली तर हात लावू नका. उघडू तर नकाच. लांब व्हा, इतरांना लांब करा आणि पोलिसांना कळवा. अंतर हेच सगळ्यात स्वस्त संरक्षण.

अपघात झालाच, तर आधी जीव. वस्तू गोळा करायला मागे थांबू नका. प्रशासन सांगेल ते ऐका. धूळ लागल्याची शंका असेल तर वरचे कपडे काढून पिशवीत बंद करा, हात-तोंड आणि अंग धुवा.

मग जमलं तर एवढं करा. फोन, कार्ड, गोळ्यांची पट्टी, जे अंगावर होतं ते कुठल्या खिशात होतं ते लिहून ठेवा. किती वाजता, कुठे, किती वेळ, तेही. कार्ड आणि गोळ्या काळ्या पिशवीत किंवा कागदात गुंडाळून थंड जागी ठेवा. उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका. फोन स्वतः उघडू नका, रिपेअरवाल्याकडेही देऊ नका. आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना एवढंच सांगा : "हे त्या वेळी माझ्या अंगावर होतं, उपयोगाला येईल का?" कदाचित ते नाही म्हणतील, कारण रक्ताच्या तपासणीतून उत्तर मिळालं असेल. पण विचारलेलं बरं.

आणि ओळखीत कुणी भंगाराच्या धंद्यात असेल तर हा एपिसोड त्यांना नक्की पाठवा. आपल्यापेक्षा त्यांना याची गरज जास्त आहे.

आजच्यासाठी एवढंच. प्रश्न असतील तर कमेंटमध्ये टाका, पुढच्या वेळी घेऊ. काळजी घ्या, भेटूच!